न्यूट्रलमधले दहा सेकंद

चहा घ्या आधी, मग सांगतो. पनवेलला माझं रंगांचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पण मुलीच्या अकरावीच्या पुस्तकातून न्यूटनचा दुसरा नियम मी शिकलो. तळोज्याहून माल आणताना एका सपाट रस्त्यावर आमचे ड्रायव्हर, बेलपाड्याचे गणूदादा, माझ्या हट्टाखातर टेम्पो न्यूट्रल करायचे. इंजिन ढकलत नाही, म्हणजे वेग कमी करतं ते घर्षण. टेम्पोचं वजन धरायचं, वेग किती झपाट्याने उतरतो त्याने गुणायचं, की घर्षण मिळालं. चाळीसवरून वीसवर यायला रोज दहा सेकंद लागायचे.

त्या दुपारी पाचच लागले.

"वारा हाय समोरून, शेठ," गणूदादा हसले.

बाहेर झेंडासुद्धा हलत नव्हता. मी म्हटलं, "माल रोजचाच, वेळ निम्मा. घर्षण दुप्पट झालंय, दादा. आपल्याला मागे कोण ओढतंय?"

त्यांचं हसू गेलं. "ब्रेक चिकटला का काय?"

मागे ठिणगीनेही पेटणाऱ्या थिनरची बारा पिंपं होती. गाडी थांबवून वाकलो, तर मागच्या चाकातून धूर येत होता. गणूदादांनी बाटलीतलं पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडालं.

"पला, शेठ!"

शेताच्या बांधामागे आम्ही तासभर पडून होतो. शेवटी चाक निवलं.

आता गणूदादा स्वतःहून न्यूट्रल करतात आणि मोठ्याने आकडे मोजतात. दहा ऐकू येईपर्यंत माझा हात दाराच्या कडीवरून निघत नाही.