फेसाला पदक, नागलीला शून्य

सन्माननीय अध्यक्ष करंदीकर वकीलसाहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले थोर पाहुणे, ज्यांच्या गळ्यासाठी आपण आज हार आणले ते आबकारी दरोगे श्रीयुत रघुनाथराव चौबळ, खुर्च्यांवर बसलेले जव्हारकर, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून दाराशी उभे राहिलेले मोखाडा-दाभोशाकडचे माझे बांधव, आपणां सर्वांना या म्हाताऱ्याचा नमस्कार.

मी शाळेत गेलो तो खिडकीपर्यंतच. आत मास्तर शिकवायचे आणि बाहेर मी गुरं राखत ऐकायचो. तेव्हा शब्द वाकडातिकडा पडला तर गुरांकडे बोट दाखवा, माझ्याकडे नको.

साहेब सहा वर्षं इथं होते, आज बदलीवर निघाले. त्यांची टापटीप, त्यांचा वक्तशीरपणा यांबद्दल आधीचे वक्ते बोललेच. त्यांच्या घोड्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. घोडा फार समजूतदार होता.

हसू नका. आता मी प्रदर्शनाकडे वळतो, कारण साहेबांच्या कारकिर्दीचा तो मुकुटमणी. गेल्या फाल्गुनात शेतकी प्रदर्शनात साहेबांनी बिअरची परीक्षा ठेवली. बाटलीतली असो की मडक्यातली, उत्तम बिअरला चांदीचं पदक, आणि पदकवाल्याला पाच वर्षं ती करण्याचा परवाना. ज्याला पदक नाही त्याची भांडी आबकारीच्या नव्या सालापासून जप्त. ते नवं साल उद्या सुरू होतं, हे ध्यानात असू द्या.

परीक्षक तिघे. एक साहेब, दुसरे मद्याच्या ठेकेदारांचे व्याही, आणि तिसरा मी. मला का घेतलं? कोठीवर धान्य हुंगण्यात माझा जन्म गेला म्हणून. निदान मी तसं समजत होतो.

विलायती पुस्तिका आणली होती. रंगाला वीस गुण, फेसाला वीस, वासाला तीस, चवीला तीस. पेल्यांवर आकडे, करणारा पडद्याआड, म्हणजे ओळखपाळख आड येऊ नये. मधे मधे पाण्याचा घोट आणि कोरडा पाव, जीभ साफ व्हायला. किती सुंदर विचार! आणि आम्ही तिघेही तोंडात विडा धरून बसलेलो. व्याही तर तंबाखूसकट. त्या जिभेला पावानं काय साफ होणार, अंगण?

बरं, ओळख लपवायची तर पडद्यामागं ठेकेदारांच्या बाटलीचं बूच ‘फट्‌’ करून उडायचं. मडक्याला बूच असतं का हो? आवाज झाला की व्याही सावरून बसायचे आणि लेखणी शाईत बुडायची. ती बाटली आठ दिवस बैलगाडीवर उन्हात भाजत आलेली. वास ओल्या घोंगडीचा. साहेबांनी लिहिलं, ‘सुगंध खानदानी.’ मी विचारलं, “साहेब, कुठल्या खानदानाचा?” तर म्हणाले, “आबा, पुस्तिका वाचा.”

मग दाभोशाची तानी आली. जमीन नाही, नवरा नाही. मोड आणलेली नागली वाळवून, भरडून, शिजवून ती मडक्यात आंबवते. लग्नसराईत पाड्यापाड्यांवरून तिला बोलावणं येतं, त्यावरच तिचं पोट. तिनं मडकं पडद्याआड ठेवलंच नाही. समोर आली, दोन थेंब मातीवर सांडले, स्वतः घोट घेतला आणि मग पेला साहेबांपुढं धरला.

साहेब कडाडले, “अगं, नियम आहे! करणाऱ्यानं समोर यायचं नाही.”

तानी म्हणाली, “आधी धरतरी, मंग मी, मंग पावना. मी नाय प्याले त् तुमाला कसा कलंल, इख घातलाय का नाय?”

“पडद्यामागं जा.”

“तोंड लपवून पाजतं तो चोर, दादा. मी चोर हाय?”

पाड्यावर करणारी पहिला घोट घेते तो पाहुण्याच्या जिवाची हमी म्हणून. असली हमी तुमच्या पुस्तिकेत कुठल्या पानावर आहे, सांगता? पण निकाल झाला, ‘ओळख उघड केल्याने बाद.’ ज्यांनी बुचाच्या आवाजावर गुण दिले, त्यांना ओळखीचा विटाळ झाला! पदक घोंगडीच्या वासाला गेलं. ठेकेदारांनी ते दुकानात टांगलंय, जाऊन बघा. त्याला आता कळकटलेला रंग आलाय. त्यालाही आम्ही वीसपैकी वीस देऊ.

बाद ठरण्याआधी मी तानीचा पेला प्यालो होतो. स्वच्छ, किंचित आंबट, शेवटाला भाजलेल्या नागलीची गोडी. माझ्या मनानं नव्वद गुण दिले. मग साहेब खाकरले. आणि या तुमच्या आबानं, ज्याला तुम्ही वाटेत वाकून नमस्कार करता, लेखणी उचलून शून्य लिहिलं. ठेकेदारांच्या व्याह्यांना माझ्याहून बरं म्हणायला हवं. ते निदान नात्यासाठी खोटं वागले. मी एका खाकरण्यासाठी.

माझी गुणपत्रिका खोटी होती असं मी सहीनिशी लिहून आणलंय. अध्यक्षमहाराज, हा कागद आपल्यापुढं ठेवतो. सोबत तानीचा परवान्याचा अर्ज आहे. चौबळसाहेब, संध्याकाळपर्यंत अधिकार तुमच्याकडे आहे आणि दौत तुमच्या हाताशी आहे. पुस्तिका मात्र नाही, बरंच झालं.

काय म्हणता, साहेब? “समारंभात कामकाज नको”? ठीक. तुमचं उत्तर सभेनं ऐकलं.

तर मंडळी, तानी आज दाराशी उभी आहे. तानीबाई, तुझी मडकी उद्या उजाडताच माझ्या परसात आणून ठेव. चूल माझी, नागली माझी, आणि दारावर पाटी माझ्या नावाची. नव्या दरोग्यांनी जप्तीला यायचं तर माझ्या ओट्यावर यावं. मी घरीच असेन.

एवढा वेळ आपण माझं ऐकून घेतलंत, हे आपले उपकार. साहेबांना प्रवास सुखाचा होवो. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. तानीचा मान मात्र मी जाणूनबुजून घालवला होता. त्याची क्षमा तुमच्याकडे मागून भागणार नाही, म्हणून खाली उतरून तिच्याकडे जातो.