मॅडमच्या कोंबड्यांची राखण

—वाकून बघा साहेब, खुशाल बघा, एक पीस सापडलं तर मला विचारा. ह्या पवनचक्कीच्या पंख्याखाली काडी नाय, कचरा नाय—आमच्या घरचीची शिस्त हाय ती. नवसाबाई नाव तिचं. कंपनीनं मला राखणीला ठेवलं दोन हजार चार साली, नोकरी माझी एकट्याची, पण पहाटे उठून हा सिमेंटचा ओटा झाडायचा, सडा टाकायचा, चार बोटं रांगोळी काढायची—ते तिनंच धरलं. का म्हणजे? पंखा चालू केला त्या दिवशी मोठ्या साहेबांनी इथंच नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. मग देवाची जागा झाली का नाय? अन् देवाच्या जागी मेलेलं पडू देतं का कोणी?

आता मेलेलं म्हणजे—तसं एखादं. उंदीर, सरडा. चहा कडू लागतोय का? बिनदुधाचा हाय, डोंगरावर दूध कुठलं.

तुमच्या आधी मोहिनी मॅडम यायच्या. तुमच्यासारखाच कागद, तुमच्यासारखीच टोपी. पंख्यानं पाणपक्षी मरतात का ते बघायला—हे आता सांगतोय मी, तेव्हा मला वाटायचं जागा नीट राखली का तेच तपासायला येतात. खालच्या धरणात शेकाट्या असतात, लांब लाल पायांच्या, अन् ते चमच्यासारख्या चोचीचे पांढरे. दिवसभर चिखलात चरायचं, दिवस मावळता ही खिंड ओलांडून पलीकडच्या तळ्यावर जायचं, पहाटे परत. माझा बाप त्याच पाण्यात मासे धरायचा, मी आवाजावरनं सांगतो वरून कोण चाललंय. मॅडम दर पंधरा दिवसांनी चांदवडहून जीप करून यायच्या, खुंटी ठोकून दोरी बांधायच्या, अन् दोरी धरून पंख्याभवती गोल गोल फिरायच्या, भर उन्हात, पाऊल पाऊल. काय मिळायचं नाय. विचारायच्या, सहादूभाऊ, काही पडलेलं दिसलं का? मी म्हणायचो, नाय मॅडम, सगळं चकाचक. पाहुणी यायची म्हटल्यावर त्या दिवशी नवसाबाई जरा जास्तच झाडायची.

एकदा मॅडमनी काय केलं—पोत्यातनं दहा मेलेल्या कोंबड्या आणल्या. पायाला लाल दोरा बांधून गवतात इथं-तिथं ठेवल्या. म्हणाल्या, आठ दिवसांनी बघू किती उरतात, कोल्हं-कुत्रं किती नेतं त्याचा अंदाज घ्यायचाय. आता तुम्हीच सांगा, एवढी शिकलेली बाई विश्वासानं आपला माल माझ्या दारात ठेवून गेली—तो कुत्र्याला खाऊ देऊ? आठ दिवस काठी घेऊन बसलो साहेब, डोळ्यात तेल घालून. वास असा की भाकर गिळेना. एक कोल्हं आलं, त्याला धोंडा घातला. घारीला गोफण. आठव्या दिवशी मॅडम आल्या—दहाच्या दहा! परत मोजल्या त्यांनी. म्हणाल्या, इथनं कोणीच काही नेत नाही वाटतं. मी म्हटलं, माझी राखण हाय मॅडम! त्या हसल्या, अन् लिहून घेतलं.

तुम्ही नाय हसला. बरं केलं.

नवसाबाई तिकडं पुरायची, त्या करवंदीच्या जाळीमागं. पहाटे झाडायच्या आधी पदरात गोळा करून न्यायची. शेकाट्याच जास्त, पाय काडीसारखे मोडलेले. एकीच्या अंगात धुगधुगी होती, घरात आणून पाणी पाजलं, दुपारपर्यंत जगली बिचारी. प्रत्येकीवर एक धोंडा, धोंड्याला कुंकू. एका थंडीत एकवीस धोंडे झाले. पाहुण्या बाईला असलं दाखवतं का कोणी? पाखरांवर जीव होता त्यांचा, बघून तुटला असता.

मग पुढल्या साली कंपनीचे इंजिनिअर पेढे घेऊन आले. म्हणाले, मॅडमचा अहवाल आला—एक पक्षी मेला नाय, अन् कोंबड्या दहाच्या दहा राहिल्या, म्हणजे पडलेलं कोणी उचलत नाय, म्हणजे शून्य ते खरोखरचं शून्य. वरच्या धारेवर अजून अठ्ठावीस पंख्यांना मंजुरी मिळाली. माझ्या हातात पेढा तसाच.

तेव्हा कळलं साहेब, मॅडम मेलेली पाखरंच मोजायला येत होत्या. अन् मॅडम त्यानंतरही दोनदा आल्या—तुम्ही बसलाय त्याच दगडावर बसल्या. नवसाबाई दारातनं माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं अन् म्हटलं, चहा घ्या मॅडम. एवढंच. कंपनीनं दिलेली ही पक्की खोली गेली असती, म्हातारपणी कुठं जायचं होतं आम्ही? त्या दिवसापासनं नवसाबाई ओटा झाडायची, पण रांगोळी नाय काढली तिनं. मागल्या पोळ्याला गेली. मला एका शब्दानं बोलली नाय, तेच जास्त लागतं.

आता झाडतो मीच. पानं झाडतो. मागल्या थंडीत अकरा शेकाट्या उडत गेल्या ह्या खिंडीतनं, मोजून अकरा. ह्या साली दिवाळीपासनं रोज पहाटे बाहेर उभा राहतोय, वर आवाजच नाय.

पण तुमच्या कागदावरनं पुढच्या डोंगरावरच्या पंख्यांची मंजुरी ठरायची ना? तिकडनं अजून जातात थोड्या, म्हणून सांगतोय. लिहा हे सगळं. सहादूनं सांगितलं म्हणून लिहा, अंगठा नाय, सही करतो—काय? ह्याच हंगामात सापडलेलं लिहायचं? जुनं चालत नाय? तोंडी तर नायच नाय?

मग चला उकरू—नाय, बसा, उठू नका. धोंडे नायत आता तिथं. नव्या रस्त्याचा मुरूम चैत्रात तिथनंच उचलला, जेसीबीनं, एका दिवसात. मी इथंच होतो की. फाटकाची कडी मीच काढून दिली.

लिहा शून्य. लिहा ना, आता खरंच हाय ते.

अन् गाडीत ते पोतं कसलं? ...किती? दहाच?

ठेवा तिकडं गवतात. ह्या खेपेला मी राखणार नाय साहेब, कोल्ह्याला खाऊ द्या. निघा आता तुम्ही, ऊन चढतंय.