पाठ टेकेपर्यंत

…नाही कॅरलबाई, व्हिसाच्या फायलीसाठीचा फोटो आज व्हायचा नाही. बसा, दाराकडं बघू नका, कडी मीच लावलीय. आधी पर्समधनं ते व्हिसासाठी दिलेले पासपोर्ट काढा—माझा नि माझ्या लेकीचा, कोमलचा. नवऱ्याचा राहू दे तुमच्या ऑफिसातल्या वकिलाकडं, जाऊ दे त्याला अमेरिकेला एकट्याला! काय म्हणालात? व्हिसासाठी त्याची असामान्य कर्तबगारी सिद्ध करायचीय? अहो, मी चार यत्ता शिकलेली, पण माझ्या पाठीवर ती रोज सिद्ध होते! पदकं लावली फायलीला, पेपरातली कात्रणं लावली, तो कुस्ती शिकवतो त्या अकादमीच्या साहेबाचा दाखला लावला—बायको लावली का? रंगनाथ वस्तादाचा धोबीपछाड एक नंबर, मान्य! या अरबांच्या मुलखात, अझीझियातल्या घराच्या फरशीवर मला इतक्यांदा आपटलंय, की खालची फरजाना विचारते, भाभी, रोज सोफा सरकाते हो क्या? हसू नका. मीही हसून म्हणायची, हां, सरकाते हैं.

तेही चाललं असतं. पण आज त्यानं कोमलची मान धरली. का? तर पोरगी म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टु गो, पप्पा." एवढंच! पाय अधांतरी, डोळे बाहेर—अकरा वर्षांचं पोर हो! मग मी काय केलं? मागून टांग घातली, त्याचीच, अंगावर शिकलेली. आडवा! गप पडला असता तर मी थांबले असते, देवाशपथ. पण पैलवान ना तो—बायकोसमोर पाठ कशी टेकवील? मानेवर नि एका हातावर कमान करून राहिला, आणि हसला. म्हणतो, "पाठ नाही लागली, मुक्ते." बघा! लेक कोपऱ्यात खोकतेय, नि ह्याची कुस्ती चाललीय! मग मी वरवंटा उचलला. टेकलेल्या हातावर घातला—हाड वाजलं, वाळक्या फाट्यासारखं. तरी पाठ वरच. दुसरा घातला. तरी वरच, मेल्याची! तिसरा… तिसरा कुठं बसला, ते मी बघितलं नाही. पण टेकली. खलास.

कुठंय म्हणता? आत, स्वयंपाकघरात. नाही, विव्हळत नाहीय. श्वास चाललाय की—तुमची बेल वाजली तेव्हा तरी चालला होता.

हां, हेच दोन पासपोर्ट. द्या. शुक्रन, उपकार झाले. कोमल, चपला घाल, आपल्याला आपल्या देशाच्या एम्बसीत जायचंय—रडू नको, यल्ला, चल लवकर! आणि तुम्ही, बाई, अँब्युलन्स बोलवा, पोलीस बोलवा, कुणालाही बोलवा—आमची टॅक्सी सुटल्यावर. आत जायचं नाही! उठा. निघा.