लांब नळीची बंदूक

बाहत्तर साली नगरच्या स्टँडवर, पाथर्डीच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि सुट्टीवर निघालेला फौजी उभे होते.

"बाबा, बंदुकीची नळी एवढी लांब कशापायी रं?"

"आतली दारू पेटली की नळीभर गोळीला रेटा मिळतो, मावशी. गोफन लांब असली की धोंडा कसा लांब जातो, तसंच."

"आन् गोळ्या समद्या सारक्याच?"

"न्हाई. हलकी गोळी वाऱ्यानं भरकटती. जड गोळी लांबवर नेम धरती."

"लढाईत किती लांबून मारत्यात?"

"चार-पाचशे पावलांवरून बी."

"तेवढ्या लांबून तोंड दिसतं का?"

"न्हाई. मानूस हाय, एवढंच कळतं."

"तरीच. माज्या लेकाचं, सूर्यभानचं तोंड दिसलं असतं, तर त्येला गोळी घालायला कुनाचा हात धजला नसता."