‘येते’ म्हटलं आणि पळाले

…नाही, पण थांबायचं कसं, तुम्हीच सांगा! बाबागाडी पळतेय तोवर आमची चिमी ढाराढूर, आणि चाक जरा थांबलं की जो भोंगा सुरू होतो तो अख्ख्या माजिवड्याला ऐकू जातो! दीड वर्षाचं पोर, पण आवाज? अहो, गणपतीत मंडळाला स्पीकर नको! आणि सासूबाईंनी दारातच सुनावलेलं, “हे बघ नीरजा, हौस आहे तर जा. पण पोर रडत घरी आलं ना, तर हे पळणं आजपासून बंद!” म्हणजे बघा! लग्नाआधी रोज पळणारी मी, बाळंतपणानंतर पहिल्यांदा बूट शोधून काढले, एकात चिमीचा खुळखुळा निघाला, ते जाऊ दे… मीही म्हटलं, बघतेच! गेटपासून हायवेच्या नाक्यापर्यंत आणि परत. थांबायचं नाही म्हणजे नाही!

“आई, जाते मी,” म्हटलं, तर लगेच, “जाते काय गं? येते म्हणावं! शुभ बोलावं माणसानं!” बरं बाई, येते. तुम्हाला सांगते, सगळा घोळ झाला तो इथे!

गेटाशी पोचते तर तळमजल्याच्या मंदाकिनीकाकू खिडकीत. “अगंबाई, नीरजा! बघू बघू बाळाला! किती वाळलीय! थांब हं, दृष्ट काढते!” आता दृष्ट काढायला थांबायचं, मग चिमी रडणार, मग काकू म्हणणार, बघ, लागलीच होती दृष्ट! मी पळता पळता ओरडले, “येते हं काकू!” आता येते म्हणजे काय? जाते! शेंबड्या पोरालाही कळतं! काकूंना नेमकं तेव्हाच कळलं नाही. त्यांनी पोहे भिजवले. हे मला नंतर कळलं म्हणा…

पुढे गावठाणात सगुणाआजी ओटीवर वाल सोलत बसलेल्या. समोरचा टॉवर त्यांच्याच शेतावर उभा आहे, पण आजी ओटी सोडत नाहीत. मला बघून टोपलीच खाली ठेवली. “आयो! कं झाला गो बाय? धावतंस कनाला? पोरीला कं झाला?” म्हटलं, “काही नाही हो आजी, व्यायाम!” “बस गो, चाय पी, मंग धाव!” चहा पिऊन धाव! “येते हं आजी!” थांबायचं नाही म्हणजे नाही!

आणि रिक्षा स्टँडवर आमचा गणूभाऊ. आता घामाघूम बाई, पुढे पोर, धापा टाकत पळतेय… ह्याचा दुसरा काही अर्थ निघू शकतो का? त्याच्या मते नाही! “मॅडम, दवाखाना ना? बसा, बसा!” “नाही हो, मी असंच पळतेय!” “असंच?” फर्स्ट गिअरमध्ये माझ्या शेजारून रिक्षा. “असंच कोन पळतं, मॅडम? घरी भांडण झालंय का? टेन्शन नाय घ्यायचं. मी आहे ना!” अहो, तू आहेस हेच टेन्शन आहे!

नाक्यावरून वळले. पाय भरून आले, बरगडीत कळ, पण चिमी? गाढ! म्हटलं, जमतंय की! आणि समोर बघते तर रस्त्याच्या मधोमध सगुणाआजी, हातात किटली! “येतंय बोल्लीस नं गो? चाय निवली!” मी गाडी डावीकडून काढली. मागून ऐकते तर, “गणू, थांब रं! पोरीचा कायतरी बिनसलाय!” आणि आजी किटलीसकट रिक्षात! गेटाशी मंदाकिनीकाकू, पोह्यांची बशी घेऊन. “अगं, येते म्हणालीस ना? थांब की!” थांबायचं नाही म्हणजे नाही! लिफ्टमध्येसुद्धा गाडी मागे-पुढे, मागे-पुढे करत वर गेले.

सासूबाईंनी दार उघडलं. वाकून बघितलं. चिमी झोपेत गालातल्या गालात हसत होती! जिंकले हो मी! खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. दीड वर्षानं हे पाय माझे वाटले मला.

तेवढ्यात लिफ्ट पुन्हा उघडली. किटली, बशी, मागे गणूभाऊ! काकू म्हणतात, “येते म्हणाली, आली नाही, पोरीला काही झालं की काय, जीव राहीना. म्हणून आम्हीच आलो.”

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं! “लोकांना येते म्हणतेस आणि जात नाहीस? शोभतं का हे?” मग चिमीकडे बघून जरा निवळल्या. “उद्यापासून खुशाल पळ. मी नाही म्हणणार नाही. पण येते म्हणशील त्या प्रत्येकाकडे टेकून यायचं!”

तर आता रोज पळते. गेटाशी पोहे, ओटीवर चहा, नाक्यावर गणूभाऊ मागची सीट पुसून देतो, “बसा मॅडम, दम खा!” चिमीला जाईल तिथे बिस्किट मिळतं, त्यामुळे गाडी थांबली की ती हसते आणि हलली की भोंगा! सासूबाई मात्र सगळ्यांना कौतुकानं सांगतात, “आमची नीरजा रोज पळते हो!”

पळते ना… ट्रॅकपँट तेवढी होत नाहीये हल्ली.