मागचं मडगार्ड

कतारगामच्या सायकल दुकानात पंक्चर काढायला आलेल्या सुमतीबाईंचे कान शेजारी उभ्या असलेल्या नवराबायकोकडे होते. चिंधाभाऊ मिस्त्री नवऱ्याच्या, मागे रेलून चालवायच्या सायकलीला पिशव्या आणि मडगार्ड बसवत होता.

"पिशव्या लहानच लावा, चिंधाभाऊ. एका दिवसाची तर सहल," नवरा म्हणाला.

"आणि मागचं मडगार्ड एवढं लांब कशाला हो?" बायकोने विचारलं.

"मागून येणाऱ्याच्या तोंडावर चिखल उडू नये म्हणून."

"माझ्या दोन साड्या चाकात गेल्या, तरी आपल्या मोटरसायकलला अजून साडीगार्ड लागलं नाही. मागून कोण येतंय?"

"सायकलच्या ग्रुपमधलं कुणीतरी. श्वेता बहुतेक."

"बहुतेक?"

"म्हणजे, ती माझ्या मागेच असते."

सुमतीबाईंचं पंक्चर केव्हाच निघालं होतं, पण त्या हलल्या नाहीत.

"चिंधाभाऊ, मडगार्ड राहू द्या. पिशव्या मात्र सगळ्यात मोठ्या लावा. ह्यांचे सगळे कपडे मावले पाहिजेत."