चुकांना नावं

...आणि वर मलाच म्हणतात, ‘सारखा चुकांना नावं ठेवतोस!’ अहो, ठेवत नाही हो, देतोय! फरक आहे की नाही? पण जाऊ दे, आपल्याला काय!

तुम्हाला सांगतो, दातांच्या दवाखान्यासाठी प्रोग्रॅम लिहीत होतो. साहेब म्हणाले होते, ‘डॉक्टरांना पसंत पडला तर तू कायम. नाहीतर... बघू.’ आणि साहेबांचं ‘बघू’ म्हणजे सरळ घरचा रस्ता! मग काय, बसलो मान मोडून. आता प्रोग्रॅम अडला की एक्सेप्शन, म्हणजे चुकीची वर्दी, फेकतो, आपण तो झेलायचा आणि समोरच्याला काय झालं ते सांगायचं. एक आयता मिळतो, सगळ्यांचा बाप, पण त्याला बोलता येतं एवढंच, ‘काहीतरी चुकलं.’ म्हणून त्याच्या पोटी मी माझी स्वतःची पोरं घातली, एकेका चुकीला वेगळं नाव देऊन! एक सांगणार, ‘ही वेळ आधीच दिलीय’, दुसरं, ‘डॉक्टर रजेवर आहेत’, तिसरं, ‘पेशंटचं वय चारशे कसं?’ एकेक पोर गुणी हो!

तेवढ्यात आले आमचे काका. काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. ‘थांब रे, सेफ्टीसाठी एक ओळ टाकतो,’ म्हणाले, आणि बापाला झेलणारी ओळ नेऊन ठेवली सगळ्यात वर! अहो काका, प्रोग्रॅम वरून खाली वाचतो! सगळी पोरं बापाच्याच रक्ताची, म्हणजे कुठलंही आलं तरी पहिल्याच ओळीत झेललं जाणार, खालच्यांना विचारतंय कोण? तर काका म्हणतात, ‘वडीलधारी माणसं पुढेच असावीत.’ आता बोला! बदलायला जावं तर डॉक्टर दारात हजर. म्हटलं, आपल्याला काय!

डॉक्टर बसले. भरलेली वेळ पुन्हा टाकली... ‘काहीतरी चुकलं.’ रजेचा दिवस टाकला... ‘काहीतरी चुकलं.’ वय चारशे... तेच! साहेब माझ्याकडे बघतायत, आणि डॉक्टर काय म्हणावेत? ‘वा! नेमकं काही सांगतच नाही! पेशंटसमोर अस्संच हवं!’

साहेबांनी काकांची पाठ थोपटली. माझी पोरं पुसून टाकली. आणि मला मात्र केलं हो कायम! टेबल दिलं, टेबलावर फोन दिला. दिवसभर दवाखान्यातून रिसेप्शनच्या बाई विचारतात, ‘अहो, काहीतरी चुकलं म्हणतोय, काय चुकलं?’ मी बघतो आणि सांगतो, ‘बाई, खुर्ची एक आहे, पेशंट दोन घेतलेत.’